जमुनाबाईंची आंब

मूर्तिजापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात पोट दुखलं की माणूस बाटली घेऊन जमुनाबाईंच्या दाराशी येतो. थंडीत संध्याकाळी त्या हरभऱ्यावर स्वच्छ धुतलेलं धोतर पसरतात. पानांवरचा आंबट रस दवासोबत कापडात उतरतो. पहाटे कापड पिळलं की आंब.

धुऱ्यापलीकडे, बांधाला लागूनच, धाकट्या जावेचं, दामिनीचं शेत. तिच्याकडे विहीर, तुषार सिंचनाचे पाइप, खताची पोती. मिक्सर अन् अंगणातली फरशीसुद्धा तिच्याकडे आधी आली. आंब मात्र तिची फिकी. तेवढ्या एका गोष्टीच्या जोरावर जमुनाबाई तिच्याशी हसून बोलत.

यंदा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून प्रियदर्शनी आली. अळीपासून वाचायला कोणतं झाड किती आंबट होतं, हा तिचा अभ्यास. दोन्ही शेतं पाहून ती खूश झाली. "हे यांचं खाऊनपिऊन सुखी, अन् काकूंचं उपाशी. फुलोऱ्यात दोन्हीची पानं नेते. काकू, तुमच्या हरभऱ्याला पाणी-खत देऊ नका बरं."

"उपाशी म्हणते वो बाई, तुमच्या वावराले!" दामिनी खुदकन हसली.

तो शब्द जमुनाबाईंना जेवताना आठवला, भांडी घासताना आठवला. दामिनी माहेरी अमरावतीला जाताच त्यांनी दिराकडून तिचेच पाइप मागून आणले. युरियाही फेकला. हरभरा असा काळाभोर झाला, की परत आलेली दामिनी धुऱ्यावर थबकलीच. जमुनाबाईंना त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या.

मग अळी आली. पाठोपाठ प्रियदर्शनी. तिनं पान चाखलं. "काकू, काय दिलं याला?"

"काई नाई, माय."

"काही नाही कसं? अहो, झाड उपाशी असलं की त्याला एक पान गेलेलं परवडत नाही. म्हणून ते पान आंबट करून जपतं. खायला भरपूर मिळालं की नुसतं वाढत सुटतं. असं काही जण मानतात. बाकीचे म्हणतात, अळीनं कुरतडल्यावरच झाड जागं होतं. शास्त्रात यावर भांडणं आहेत. अन् तुषारचं पाणी दिलं असेल, तर थोडी आंब त्यानंच धुऊन नेली."

"मंग माही आंब?"

"यंदा फिकी."

जमुनाबाईंनी पिळून पाहिली. खरंच पाणचट. फडताळात मागच्या सालची एकच बाटली होती, काळपट, दात आंबवणारी. ती त्यांनी डब्यांच्या मागे सरकवली.

दुसऱ्याच दिवशी दामिनी दारात. "बाई, पोराचं पोट लय दुखून राहिलं. थोडीशी आंब द्या ना. माही तं तुमाले माहीतच हाय."

जमुनाबाईंचा हात आधी नव्या बाटलीकडे गेला. पण ही बया चाखून पाहणार. पाहणारच. 'बाई, तुमचीबी माह्यासारखीच वो,' असं म्हणणार.

त्यांनी डबे बाजूला केले आणि जुनी बाटली अख्खी तिच्या हातात ठेवली.

दामिनीनं बोटावर थेंब घेऊन चाखला, आंबटानं डोळे गच्च मिटले. "बापा! तुमच्या हाताची सर नाई कोणाले."

"मंग?" म्हणत जमुनाबाईंनी दार लोटून घेतलं.