बिनभोकाची पानं

आमच्या कासारसाईत भाड्यानं ऱ्हाणारी पोरं लई. सगळी कंपनीतली, कानात बोंडं घालून फिरणारी. पर स्वरदासारखी भाडेकरीण मी पयल्यांदाच बघितली. वाशीमची पोर. बॅग खाली ठेवली न्हाई तवर मला विचारतीया, "काकू, तुमच्या भाताच्या कणगीच्या तळाची धूळ घेऊ का?"

म्हणलं, "घे की. माझं झाडायचं वाचलं. उद्या माळ्यावर बी ये."

ती एका बारक्या लॅबमदी कामाला. पिकावरच्या अळ्या मारणारा जंतू मातीत, धुळीत असतोय म्हणं. तो हुडकून वेगळा काढायचा. म्हणलं, "हुडकायचा कसा गं?"

"धूळ पाण्यात कालवून तापवायची, काकू. बाकीचे बरेच जंतू मरतात. हा कवच पांघरून बसतो, म्हणून उरतो."

"म्हंजी आमच्या सासूबाईच की!"

तवा हसली. नंतर मातर पोरीचं हसूच गेलं.

झालं असं, आमच्या कणगीच्या धुळीत तिला तसला एक जंतू घावला. पर तो खरंच मारतोय का, ते अळीला खायला घातल्याबिगर कळत न्हाई. लॅबमदी अळ्या आणायला सायबाची बंदी. मग आमच्या पडवीत मिठाईचे डबे मांडले, आत अळ्या सोडून, डब्यांच्या तोंडाला फडकं बांधून. निम्म्या डब्यांत जंतूचं पाणी लावलेली कोबीची पानं, निम्म्यांत साधं पाणी लावलेली. साध्या पाण्यातल्या अळ्या जगायला पायजेत. तवाच दुसऱ्या डब्यांतल्या अळ्या जंतूनं मेल्या म्हणता येतंय.

पयल्या खेपेला सगळ्याच मेल्या. दुसऱ्या खेपेला बी तेच. सायेब फोनवर म्हणला, "सोमवारपर्यंत दाखव. नाहीतर ती धूळ टाकून दे आणि दुसरं काम बघ."

पोरीनं डबे उकळत्या पाण्यात धुतले. पाणी बदललं. हात साबणानं धुऊन धुऊन सोलवटले. "काकू, माझ्याच हातानं जंतू इकडून तिकडं जात असेल का?" ताटातली भाकरी तशीच.

म्हणलं, "अळ्या जेवंना म्हणून तू बी उपाशी व्हय?" ती परत हात धुवायला उठली.

तिसऱ्या खेपेला बी माझा दीर बहिरूच पानांची जुडी घेऊन आला. आमच्याकडं बाजारच्या कोबीवर औषध मारत्यात, पर घरी खायला एक सरी बिनऔषधाची राखत्यात. पानं त्याच सरीतली आणायची, हे स्वरदानं त्याला पयल्याच दिवशी सांगितलं हुतं. तिनं एक पान उजेडात धरलं आन् तशीच थांबली.

"काका, ह्याला एकही भोक कसं नाही?"

बहिरू फुगला. "हाय का! निवडून आणतोय रोज."

"घरच्या सरीतलीच ना?"

बहिरू मिशीला हात लावत म्हणाला, "ती कुटं द्यायची, पोरी? नुसती चाळण झालीया. लेकीवानी पोर तू, तुझ्या हातात किडकी पानं ठिवायची? लोक काय म्हणतील? वरच्या वावरातली चांगली आणली. आन् धुऊन आणली!"

स्वरदानं पान पायरीवर ठेवलं. "औषध मारलेली?"

"मंग? बाजारचा माल हाय त्यो."

म्हणलं, "भावजी, अळ्यांची सोयरीक जमवत हुता का, त्यांच्यापुढं चांगलंचुंगलं वाढायला?" कुणीच हसलं न्हाई. अळ्या थोड्याच उरल्या हुत्या, आन् सोमवार तोंडावर.

बहिरू गेला आन् घरच्या सरीतली भोकाभोकाची पानं घेऊन आला. वर चिकटलेल्या अळ्यांसकट.

रविवारी फडकं सोडायच्या येळी पोरीनं डबे माझ्याकडं सरकवले. "काकू, तुम्ही बघा."

मी साध्या पाण्याचा डबा उघडला. पानाची जाळी झालेली, आन् अळ्या गुबगुबीत, वळवळतायत. "जित्या हायेत गं!"

"आणि दुसरा?"

दुसऱ्यात पान जवळजवळ आख्खं, कोपरा तेवढा कुरतडलेला. अळ्या काळ्या पडून लोंबत हुत्या. तिनं डबा माझ्या हातातून ओढला, सगळे डबे एकेक करून बघितले आन् सायबाला फोटो धाडले. फोन वाजला तवा तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

सायेब एवढंच म्हणला, "टाकू नको ती धूळ. पुन्हा करून दाखव. पुन्हा हेच आलं, तर मानेन."

म्हंजी घोर गेला न्हाईच, आठवडाभर पुढं सरकला. पर त्या दिशी पोरीनं भाकरी खाल्ली, मागून घेतली. बहिरूनं दारातनं विचारलं, "उद्या कसली आणू?"

"भोकाची, काका. भरपूर भोकांची."

आता बहिरू ती पानं टावेलाखाली झाकून आणतोय, आळीतल्या कुणाच्या नजरंला पडू नयेत म्हणून.