खाट डाव्या हाताला

लॉजमध्ये उतरलेलं माणूस जाताना काही ना काही विसरतंच. साबणाची वडी, एक मोजा, कंगवा, एकदा तर दातांची कवळी. या वस्तू बाबा एका डब्यात ठेवतात आणि पुढच्या खेपेला लोक त्या घेऊन जातात. किस्से मात्र परत न्यायला कोणी येत नाही. ते साचत राहतात. मी फारशी कोणाशी बोलत नाही, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साचले आहेत.

माझे बाबा वरठी स्टेशनसमोरच्या ‘श्रमविश्राम’ लॉजचे मॅनेजर. एकाच शेठजींची अशी चार लॉज आहेत: नागपूर, वरठी, तुमसर रोड आणि गोंदिया. चारही एकाच मिस्त्रीने बांधली. कुठल्याही लॉजच्या कुठल्याही खोलीत शिरा, खाट डाव्या हाताला, दिव्याचं बटण उजव्या हाताला, उशाशी स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या. भिंती निळ्या. आम्ही काउंटरच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. शाळेत जाण्याआधी तांबे भरायचे आणि उशांचे अभ्रे बदलायचे, हे माझं काम.

अशा लॉजचे फायदे म्हणजे ते स्वस्त असतं, स्टेशनजवळ असतं, आणि गाव बदललं तरी नवं काही शिकावं लागत नाही. तोटे म्हणजे ढेकूण, सकाळी सातनंतर गार पाणी, आणि भिंती इतक्या पातळ की तीन नंबरात कोणी शिंकलं तर पाच नंबरातला माणूस ‘सत्य आहे’ म्हणतो.

माझ्याजवळचे बरेच किस्से बोरकर काकांचे आहेत. ते शाळांना नकाशे आणि तक्ते विकणाऱ्या एका कंपनीचे फिरते एजंट. नागपूरला घर, पण महिन्यातले बरेच दिवस या चार लॉजमध्ये. त्यांची नजर जात चालली होती. कंपनीला कळलं असतं तर नोकरी गेली असती. धाकटी मुलगी मॅट्रिक होईपर्यंत, म्हणजे अजून दोन वर्षं, त्यांना ते लपवून ठेवायचं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचे किस्से नुसतेच विनोदी वाटतील.

* * *

पहिला किस्सा मात्र काकांचा नाही. लाखनीकडचे एक पाटील गोंदियाच्या कोर्टात तारखेला निघाले होते. गाडी चुकली म्हणून ते वरठीला आमच्याकडे मुक्कामाला राहिले. मागच्या तारखेला ते गोंदियाच्या ‘श्रमविश्राम’मध्ये उतरले होते.

सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, कागदांची पिशवी काखेत मारून ते आरामात काउंटरपाशी आले. कोर्टाकडे पायीच जातो म्हणाले.

बाबा म्हणाले, “पाटील, हे वरठी आहे.”

पाटील मागे वळले. खोलीत गेले, चारी बाजूंनी नीट पाहिलं आणि परत आले.

“खोली तर गोंदियाचीच आहे,” ते म्हणाले.

तोवर गाडी निघून गेली होती. तारीखही गेली. पाटील दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले. आम्ही सगळे हसलो, पण आईने त्यांना जेवू घातलं.

* * *

एकदा दिवेलागणीलाच वीज गेली. लॉज भरलेलं होतं. बिस्किटांचे एजंट दुबे दारावर आपटले, कोणाची बादली लवंडली, बाबा काड्यापेटी शोधत काउंटरखाली शिरले.

तेवढ्यात चार नंबरातून बोरकर काका सरळ चालत आले, कुठेही न अडखळता. त्यांनी बाबांच्या हातात काड्यापेटी ठेवली आणि तसेच परत गेले. मग त्यांनी तांब्यातून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

दुबे म्हणाले, “बोरकर, आपको अंधेरे में दिखता है क्या?”

आतून काका म्हणाले, “अंधारात सगळ्यायले सारखंच दिसते, दुबेजी.”

सगळे हसले. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात काका खोलीतून बाहेर आले तेव्हा मी पाहिलं, ते अगदी तसेच चालत होते. तेवढीच पावलं, आणि वळायच्या आधी भिंतीला बोटाचा तसाच हलका स्पर्श.

काउंटरच्या खुर्चीवर बाबांचा सदरा वाळत घातला होता. बाबा मागे नळावर होते. काका खुर्चीसमोर थांबले, नमस्कार केला आणि म्हणाले, “येतो मॅनेजर साहेब.”

सदरा काय बोलणार? काका थोडा वेळ थांबले. माझ्या हातातली बादली वाजली.

“कोण?”

“मी.”

त्यांनी मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाले, “बेटा, कोणाले सांगशील नोको. आईलेही नाही.”

मी नाही म्हणून मान हलवली. मग लक्षात आलं की ती त्यांना दिसलेली नाही. तेव्हा मी म्हणाले, “नाही सांगणार.”

* * *

इतर एजंटांनी हळूहळू आमचं लॉज सोडलं. भंडाऱ्यात नवं हॉटेल झालं होतं. तिथे खोलीतच बाथरूम, खोलीतच गरम पाणी. भाडं कंपनी देत असताना बोरकर ढेकणांत कशाला झोपतात, हे कोणालाच कळेना. दुबे त्यांना बाबांच्या समोरच म्हणाले, “अजी, ढेकूण तुमचे सगेवाले आहेत का?”

काका म्हणाले, “हो ना. ओळखतात मले. नवीन ठिकाणी कायले जाऊ?”

मी तांब्या ठेवायला गेले तेव्हा त्यांनी मला खरं सांगितलं. डोळ्यांच्या आतली नस सुकत चालली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. माणूस उभा आहे एवढं दिसायचं, कोण आहे ते दिसायचं नाही. पण चारही लॉज त्यांना पाठ होती.

“इथं मले कोणाले काही विचारा लागत नाही,” ते म्हणाले.

* * *

नकाशांचीही त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक गुंडाळीला दोरा बांधायचे. एक गाठ म्हणजे जिल्हा, दोन गाठी म्हणजे महाराष्ट्र, तीन म्हणजे भारत. शरीराच्या तक्त्यांना गाठ नाही. बोटाने चाचपून ते बरोबर तोच नकाशा काढायचे.

ते आमच्या शाळेत आले त्या दिवशी शिपायाने हौसेने सगळ्या गुंडाळ्या सोडून, झटकून, हाताला येईल त्या दोऱ्याने पुन्हा बांधून ठेवल्या होत्या. काकांनी एका गाठीची गुंडाळी काढली आणि आमच्या नववीच्या फळ्यावर टांगली. हेडमास्तर बाजूला उभे होते. काकांनी छडी घेतली, वरून खाली सावकाश फिरवली आणि म्हणाले, “ही आपली वैनगंगा.”

फळ्यावर पचनसंस्थेचा तक्ता होता. छडी अन्ननलिकेवरून जठरात गेली होती.

वर्ग हसू लागला. काकांची छडी तिथेच थांबली. त्यांचा चेहरा मला दिसत होता. हेडमास्तरांच्या कपाळावर आठी पडली.

मी उभी राहिले. वर्गात आपण होऊन उभी राहण्याची ती माझी पहिलीच वेळ. मी म्हणाले, “सर, काका मुद्दाम गंमत करून राहिले. आपण लक्ष देतो का ते पाहायले.”

शाळेत आम्ही शुद्ध बोलतो. मी तेही विसरले.

हेडमास्तर माझ्याकडे वळले आणि मोठ्याने हसले. म्हणाले, “तीन वर्षांपासून शिकवतो, एकाले वैनगंगा सापडत नाही. आज सगळ्यायच्या पोटात उतरली!” त्यांनी सहा नकाशे घेतले.

संध्याकाळी काकांनी विचारलं, “तू वर्गात बोलत नाहीस म्हणे?”

“नाही बोलत.”

“मंग आज काहून बोललीस?”

मी त्यांचा तांब्या उचलला आणि भरायला गेले.

* * *

आता जो किस्सा सांगायचा आहे तो सांगते. एप्रिल महिना होता. काकांसोबत नागपूरहून कंपनीचे साहेब आले होते. ते दरवर्षी एकदा एका एजंटाबरोबर फिरायचे. त्या वर्षी काकांची पाळी होती.

काका येणार हे आईला माहीत होतं. गेल्या वेळी ते उकाड्याने झोपले नव्हते, म्हणून आईने चार नंबरातली खाट ओढून खिडकीखाली नेली. वर धुतलेली चादर घातली. ती काकांना भाऊ मानायची. त्यांना वारा लागावा, एवढंच तिच्या मनात होतं.

मी शाळेत होते. पुढचं आईनेच सांगितलं. ती मागून चहा घेऊन जात होती. काका खोलीत शिरले, साहेबांना “या, बसा ना” म्हणाले आणि स्वतः डाव्या हाताला ऐटीत बसले. तिथे खाट नव्हती.

स्टुलाचा कोपरा कपाळाला लागला. साहेब आधी हसले. कोणीही हसलं असतं. पण काका जमिनीवर बसून दोन्ही हातांनी भिंतीपाशी खाट शोधू लागले. खाट चार हातांवर खिडकीखाली होती, भर दुपारच्या उजेडात. साहेबांचं हसू थांबलं.

साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनीच रुमाल भिजवून काकांच्या कपाळावर धरला आणि पुढच्याच गाडीने त्यांना परत घेऊन गेले. मी शाळेतून आले तेव्हा चार नंबर रिकामं होतं.

बाबा आईवर चिडले होते. “खाट हलवाले तुले कोणी सांगितलं होतं?”

आई म्हणाली, “मले कोणी काही सांगितलंच तर नाही.”

मी दप्तर घेऊन दारात उभी होते. खाट त्याच दिवशी जागेवर गेली. आई अजूनही मधूनच म्हणते, मीच हलवली ना. आणि मला सगळं माहीत होतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

* * *

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका दुपारी काका आले. नकाशे नव्हते. सोबत त्यांची धाकटी मुलगी होती, माझ्याच वयाची. तिने त्यांचा हात घट्ट धरला होता. पायरी आली की “बाबा, पायरी” म्हणायची. काका म्हाताऱ्यासारखे पाय घासत चालत होते.

बाबा गडबडून उभे राहिले. आई दाराआडच थांबली. बाबांनी मुक्काम आहे का विचारलं.

“नाही, पाच मिनिटाचं काम आहे. चार नंबर रिकामं आहे का?”

ते रिकामं होतं. काकांनी मुलीचा हात सोडवला. “तू इथंच बस.”

ती घाबरून त्यांच्या मागे निघाली. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, “बस.”

आम्ही दोघी बाकावर बसलो. काका गेले. पावलं सरळ गेली, एकदा वळली. कडी वाजली. बटण वाजलं. खाट करकरली. मग बराच वेळ काही नाही. मग तांब्यातून पेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला, आणि पेला स्टुलावर ठेवल्याचा.

मुलगी म्हणाली, “घरी बाबा उठून पाणीसुद्धा घेत नाहीत.”

काका बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलं होतं आणि केस विंचरले होते. ते ताठ चालत काउंटरपाशी आले, बाबांना नमस्कार केला, आणि मग मुलीसाठी हात पुढे केला.

“चल,” ते म्हणाले, “आता तुमसर रोड. मंग गोंदिया.”