दगडातलं बोंड

आमच्या नव्या साहेबांनी वर्ध्याच्या ऑफिसातल्या आम्हा एकवीस जणांना एका शनिवारी आर्वीला नेलं. तिथल्या जुन्या बाजारात चिठ्ठ्यांवरून वस्तू शोधायच्या, मोबाइलवर फोटो काढायचे. यानं म्हणे माणसं जवळ येतात. तिघांचा एक गट, सगळं शोधून आधी परतेल तो जिंकला. माझ्या वाट्याला ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर आणि रेकॉर्ड रूममधल्या ताई आल्या. ताईंचा गुडघा दुखरा, निवृत्ती वर्षावर आलेली. आपण हरलो, हे मी तिथंच मनाशी धरून टाकलं.

पहिल्या चार वस्तू धावतपळत मिळाल्या. पाचवी चिठ्ठी होती, ‘दगडात उमललेलं कापसाचं बोंड’. साहेबांना ते कुणा जुन्या आर्वीकरानं सांगितलेलं. त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं. सगळे गट माना वर करून चिठ्ठीत दिलेल्या एकाच गल्लीत फिरत राहिले. दुकानदारांनाही काही सांगता येईना.

ताई मात्र एका म्हाताऱ्या शिंप्याच्या ओट्यावर टेकल्या. मी चिडून म्हटलं, “ताई, वेळ चाललाय.”

“दुकानदार रस्त्याकडं तोंड करून बसते, भाऊ. त्याले सोताच्या दुकानाचं कपाळ कसं दिसन? समोर बसते त्याले इचारा.” मग शिंप्याकडं वळून त्यांनी बोंडाचं विचारलं.

शिंप्यानं मशीन थांबवलं. समोरच्या किराणा दुकानाकडं बोट करून म्हणाला, “त्या बोर्डामागं आहे. बोर्ड लागला तवापासून मलेबी दिसलं नाई.”

दुकानदाराचा विश्वास बसेना. पण ताई त्याच्याशी इतक्या गोडीनं बोलल्या की शिडी त्यानंच आणली. ड्रायव्हरनं फ्लेक्सची एक बाजू सोडवली. आत, चुन्याचे थर बसलेलं, पंज्याएवढं फुटलेलं बोंड होतं आणि खाली दोन पानं. शिंपी ओट्यावरून उतरून रस्त्यात येऊन उभा राहिला.

मी फोटोसाठी मोबाइल काढला, तर ताईंनी हात धरला. “थांबा. आधी सगळ्याइले बोलवा. त्याइनंबी तेवढंच शोधलं ना.”

बोलावलं. फोटो काढून बाकीचे पळाले, आम्ही ताईंच्या चालीनं निघालो आणि तिसरे आलो. ड्रायव्हर वाटभर रुसून होता. मला रुसता येईना. सहा वर्षं मी या बाईंकडून फायली मागवत होतो, त्याही शिपायाच्या हातून. सोमवारी दुपारी डबा घेऊन मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो. ताईंनी टेबलावरचे गठ्ठे सरकवून जागा केली.