बगळीचा डावा पाय

तैवानमधल्या आमच्या गावात सकाळी उपाशी राहायची तयारी असेल तरच नाश्त्याचा गाडा लावणाऱ्या ग्योकलान मावशीसमोर सिनेमाचं नाव काढावं. एकदा ती सुरू झाली की तव्यावरची अंड्याची पोळी करपते, सोयाबीनचं दूध उतू जातं आणि रांगेतले लोक स्कूटरवर बसल्या बसल्या म्हातारे होतात.

"जग बुडायला आलं की नेमकं अमेरिकेतच कसं बुडतं रे?" उलथनं माझ्यावर रोखून ती विचारायची. "आमच्याकडे भूकंपात अर्धी गल्ली खाली आली, तेव्हा नाही कुणी चड्डीवाला उडत आला!"

तिच्या मते अवकाशयानातली माणसं कधी काही खात नाहीत, म्हणून एवढी चिडचिडी असतात. तोंडावर चार बोटं फडकं बांधलं की सख्खी बायको नवऱ्याला ओळखत नाही, हे लिहिणाऱ्याचं लग्न झालेलं नसणार. कॉम्प्युटरवर काढलेल्या राक्षसापेक्षा जुना रबरी राक्षस शंभर पटीने बरा, कारण आत एक माणूस खरोखर घामाघूम होत असतो. "आणि पुस्तकातली साठ वर्षांची चेटकीण सिनेमात बावीस वर्षांची होते. ती औषधं आम्हालाही सांगा म्हणावं!"

मी फिरता सिनेमावाला. छोट्या ट्रकमध्ये पडदा आणि मशीन घेऊन देवळादेवळांपुढे सिनेमे दाखवतो. देवाला नवस बोलला, नवस फळला, की लोक मला बोलावतात. पहिल्या रांगेतल्या लाल खुर्च्या देवांच्या. तिथे माणसाने बसायचं नाही. मागे कुणी आलं तर आलं. नाही तर मी, देव आणि डास. माझा धंदा असा, त्यामुळे मावशीच्या तोफेच्या तोंडी रोज मीच.

तिचा खरा राग मात्र एकाच सिनेमावर होता, बगळीच्या. बगळी म्हणजे बावीस भागांच्या जुन्या चित्रकथेतली तलवारवाली. जमिनीवर डावा पाय ओढत चालणारी आणि एकदा का हवेत झेपावली की कुणाच्या हाती न लागणारी. मावशीचा डावा पाय तिसऱ्या वर्षी पोलिओने गेला. बाकीच्या पोरी शाळेच्या मैदानावर कवायत करायच्या, तेव्हा ती व्हरांड्यात बसून भाड्याने आणलेली बगळी वाचायची. मला ती एकदा म्हणाली होती, "माझ्यासारखं चालणारं त्या पुस्तकाबाहेर मला कुणी भेटलं नाही." ते सांगताना तिने विनोद केला नव्हता.

चार वर्षांपूर्वी बगळीवर सिनेमा निघाला. पोस्टरवर ती दोन्ही धडधाकट पायांनी कौलांवरून धावत होती. तेव्हापासून गावात त्या सिनेमाचा उद्धार झाल्याशिवाय कुणाला नाश्ता मिळत नसे.

यंदा धुपाटण्याचा मान, म्हणजे देवळाच्या उत्सवाचं यजमानपद, बानलोककडे होता. हा खतांचा दुकानदार. मावशीचा बालमित्र, म्हणजे पन्नास वर्षांचा वैरी. गावदेवाच्या वाढदिवसाला त्याने मुद्दाम बगळीचाच सिनेमा ठरवला. मावशी काठी टेकत तडक देवळात आली.

"देवाला हे असलं दाखवणार तू? त्या पोरीचा पाय चोरलाय मेल्यांनी!"

"तू देवाची वकील आहेस का? कौल लावू. देवच सांगेल."

चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे त्याने टाकले. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले. नकार!

"बघ!" मावशी म्हणाली.

पण पहिल्या नकाराला ऐकतील तर ते आमचे गावकरी कसले? देवाशी घासाघीस करायची पद्धतच आहे. बानलोकने जास्तीचे फटाके कबूल केले. नकार. भाजलेलं डुक्कर कबूल केलं. दोन्ही तुकडे उताणे पडले, म्हणजे देव नुसता हसला. बाहुल्यांचा खेळ कबूल केला. पुन्हा नकार. बानलोकला घाम फुटला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "सिनेमा मँडरिनमध्ये आहे म्हणून अडलंय का देवा? तुला आपली तैवानीच कळते ना? मग ही ग्योकलान माईक घेऊन तुला आपल्या बोलीत सांगेल. चालेल?"

होकार. पक्कं करायला पुन्हा टाकले, होकार. तिसऱ्यांदाही होकार. देवळात टाळ्या पडल्या. मावशीचा चेहरा मात्र पांढराफटक.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक पांगल्यावर तिने मला गाड्याच्या मागे ओढलं.

"कुणाला बोललास तर जीभ कापीन. मी तो सिनेमा बघितलेलाच नाही."

"काय? मग चार वर्षं जे चाललंय ते?"

"पोस्टर बघितलं होतं ना!"

मी पोट धरून हसलो. तिने उलथनं उगारलं, पण मारलं नाही. "हसू नकोस रे. बघायची हिंमतच झाली नाही. ती खरंच धडधाकट निघाली तर माझ्याकडे काय उरलं?"

मग मला हसवेना. म्हटलं, "आज मशीनवर दाखवतो तुला एकटीला."

"देवाच्या आधी मी बघू? गोष्ट मला पाठ आहे. तेवढ्यावर निभावते."

वाढदिवसाच्या दिवशी, दिवे लागल्यावर, झाडून सारं गाव जमलं. मावशी माझ्या मशीनशेजारी माईक धरून उभी. आधी तिने डोळे मिटूनच सांगायला सुरुवात केली आणि सुरेख सांगितलं. मठ, बर्फ, म्हातारा गुरू, सगळं बिनचूक. देवाला ती "आजोबा, इकडे लक्ष द्या" असं दटावतही होती.

मग मठाचं दार उघडलं. हा सिनेमा मीही पहिल्यांदाच बघत होतो. मी तिचा हात दाबला. "मावशी, बघ."

पायऱ्यांवरून बगळी खाली येत होती. उजवा पाय टेकवत, डावा मागून ओढत. दर पायरीला खांदा कलत होता, अगदी मावशीचा गाड्यापासून नळापर्यंत जाताना कलतो तसा. पोस्टरवाल्यांनी लपवलं होतं, सिनेमावाल्यांनी नाही.

माईक गप्प झाला. बगळी सगळ्या पायऱ्या उतरली, अंगण ओलांडून गेली, तरी मावशी बोलेना. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"अगं बोल की!" मागून बानलोक ओरडला. "देव खोळंबलाय!"

मावशीने बाहीला नाक पुसलं. कर्ण्यातून तिचा घोगरा आवाज गावभर गेला.

"आजोबा, पाय बरोबर आहे हो."

थोडा वेळ ती पडद्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

"केस मात्र साफ चुकलेत."