पप्पांचे पाय आणि जेवणानंतरची गोळी

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि जिन्याचा कठडा सैल आहे, म्हणून मला हे सगळं कळलं. कोणी कठडा धरून चढलं की तो खालपासून वरपर्यंत खडखडतो. पप्पा कधीच धरायचे नाहीत. ते रेल्वेत कीमन आहेत. म्हणजे रोज आपल्या वाट्याचा रूळ पायी तपासत जायचं, सैल झालेल्या क्लिपा हातोड्याने ठोकून बसवायच्या आणि तसंच मागे फिरायचं. त्यांची बीट मनमाडच्या बाजूला, आम्ही राहतो नाशकात द्वारकेजवळ, कारण माझं कॉलेज इथे आणि मम्मीने सांगून टाकलंय की मी आता बिऱ्हाड हलवणार नाही. तर असा खडीवरून दिवसभर चालणारा माणूस थंडीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी घरी आला आणि कठडा वाजला. मला वाटलं खालचे काका. दार उघडलं तर पप्पा.

"कठडा धरून आलात?"

"पिशवी जड होती."

पिशवीत रिकामा डबा होता.

मला एकदा संशय आला ना की मग मी नीट जेवत पण नाही, फक्त गुगल करते. आणि इथे तर सगळं सरळ दिसत होतं. पावसाळा संपता संपता पप्पांच्या छातीत जळजळ झाली होती. निघाली ॲसिडिटी, पण आमच्या इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि कोलेस्ट्रॉल वाढलेलं निघालं. त्यांनी रात्री जेवल्यावर घ्यायची एक पांढरी गोळी लिहून दिली. म्हणजे आधी गोळी आली, मग पाय दुखायला लागले. मी टाइप केलं, कोलेस्ट्रॉलची गोळी पाय दुखणे, आणि जे काय उघडलं ते वाचून माझ्याच पोटऱ्या दुखायला लागल्या. स्नायू दुखतात, अशक्तपणा येतो, फार क्वचित किडनीपर्यंत जातं. 'फार क्वचित' मी वाचलंच नाही, 'किडनी' तेवढं वाचलं. स्क्रीनशॉट काढून मम्मीला पाठवले. मम्मी स्वयंपाकघरात होती, मी हॉलमध्ये.

"मला काय पाठवते? त्यांना दाखव," ती तिथूनच म्हणाली.

पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल लांब धरला. "हे इंग्रजीत हाय."

"मी मराठीत सांगते. तुमच्या गोळीने पाय दुखतायत."

"माझे पाय कुठं दुखतात?"

हे बोलताना ते पोटरी चोळत होते.

ते का नाही म्हणतायत ते मला माहीत होतं. कीमनचे पाय गेले तर रेल्वे त्याला घरी बसवत नाही, अनफिट म्हणून हलक्या कामाला लावते. ऑफिसात पाणी द्या, फायली इकडून तिकडे न्या. पप्पांसोबतच्या एका काकांचं तसं झालंय. पगार चालू आहे, तब्येत पण सुधारली, पण ते आमच्याकडे चहाला आले आणि रुळाचा विषय निघाला की खिडकीतून बाहेर बघत बसतात. पप्पांची मेडिकल, म्हणजे रेल्वेची फिटनेस तपासणी, नव्या वर्षात होती. रुळावरून उतरवलं तर या माणसाचं काय होईल, हा विचार आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं.

मग मी एकेकावर संशय घ्यायला सुरुवात केली. पहिला डॉक्टरांवर. एवढ्या लगेच गोळी का दिली, आधी पथ्य का नाही सांगितलं? (सांगितलं होतं. मम्मीला आठवत होतं, मला नाही.) मग मेडिकलवाल्यावर, त्याने दुसऱ्याच कंपनीची दिली असेल. मी चिठ्ठी आणि पाकीट घेऊन गेले, त्याने शांतपणे जुळवून दाखवलं आणि म्हणाला, "ताई, अजून काही?"

शेवटी मी जाहीर केलं की गोळी बंद.

मम्मीने पोळी तव्यावरच ठेवली आणि बाहेर आली. "डॉक्टरला विचारल्याशिवाय एक गोळी चुकवायची नाही. हार्टला काही झालं तर तुझं गुगल येणार का उचलायला?"

"पण पाय..."

"पाय डॉक्टरला दाखवू ना."

"कोणाला काय दाखवायचं नाय," पप्पा म्हणाले. "लय चाललं तर दुखतंच."

म्हणजे दुखत होतं.

आता मला पप्पांचाच संशय यायला लागला. हा माणूस काहीतरी लपवतोय. आठवून बघितलं तर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दुसरी कुठली गोळी चालू आहे का, आणि पप्पा प्रश्न संपायच्या आत 'नाय' म्हणाले होते. मी तिथेच बसले होते. पण तेव्हा माझ्या डोक्यात गोळी नाही, भजी आली. मला वाटलं हे मनमाडला स्टेशनबाहेर रोज भजी हाणतात, म्हणून कोलेस्ट्रॉल, म्हणून सगळं. रविवारी ते अंघोळीला गेल्यावर मी त्यांची ड्यूटीची पिशवी घेतली आणि तेलाचा वास येतो का बघायला लागले.

तेलाचा नाही, लोखंडाचा वास येत होता. लाल झेंडी, हिरवी झेंडी, गमछा. आणि बाजूच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं गोळ्यांचं पाकीट.

मी ते घेऊन पळत ओट्यावर आले, घरचं पाकीट शेजारी ठेवलं. मोठ्या अक्षरातलं नाव वेगळं, रंग वेगळा. खाली मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी होतं. मोबाईलने झूम केलं. दोन्हीवर एकच औषध, एटोरवास्टॅटिन.

पप्पा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले आणि ओट्याकडे बघून थांबले.

"पिशवी का उघडली?"

"ही कुठली गोळी?"

"ती ड्यूटीची."

"म्हणजे?"

"रेल्वेच्या दवाखान्यातली. मागच्या तपासणीत दिली होती. दुपारी डबा खाल्ला का घेतो."

"आणि रात्री?"

"रात्री घरची."

मम्मीने दोन्ही पाकिटं हातात घेतली. "अहो, एकच गोळी आहे ती. दोनदा घेताय तुम्ही."

"एक कशी? ती सरकारी हाय. फुकटची, हलकी. ही डॉक्टरची, पावरची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सरकारी गोळीनं काय होत नसतं, असं तूच म्हणती ना कायम?"

म्हणते. आमच्याकडे सगळेच म्हणतात. सरकारी गोळी कोणी फेकत नाही आणि कोणी मोजत पण नाही.

"मग या डॉक्टरांना सांगितलं का नाही?"

पप्पा बराच वेळ कान पुसत राहिले. "इकडचं तिकडं कळलं तर? रेल्वेवाले म्हणतील हा बाहेर पण दाखवतोय, म्हणजे कायतरी मोठं हाय. मग बसा पाणी देत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे. दोन्ही पाकिटं मीच टेबलावर ठेवली, पुरावा ठेवतात तशी. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मी विचारलं होतं ना काका, दुसरी कुठली चालू आहे का?"

"ती रेल्वेची हो साहेब. ती काय धरायची."

"लघवीचा रंग बदललाय? चहासारखा?"

"चहा कोणता? दुधाचा का कोरा?"

"कोरा."

"नाय मग."

डॉक्टर हसले, पण रक्त तपासायला पाठवलंच. किडनी ठीक निघाली, स्नायूंचं काहीतरी वाढलेलं निघालं. त्यांनी दोन्ही गोळ्या काही आठवडे बंद केल्या, नंतर एकच, कमी पावरची चालू करू म्हणाले. आणि माझ्याकडे बघून सांगितलं की गोळी वाईट नाही, त्यांना तिची गरज आहे, पण तिकडच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काही खरं नाही.

तिकडे सांगायला पप्पांनी बरेच दिवस लावले. रोज मी विचारायचे, रोज ते म्हणायचे, आज डॉक्टर नव्हते. माझा विश्वास नव्हता. शेवटी मम्मी त्यांच्यासोबत सकाळच्या गाडीत बसली आणि संध्याकाळी दोघं आले. रेल्वेच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या कार्डावरची गोळी खोडली होती, रागावले होते आणि म्हणाले होते, मेडिकलला चालून दाखवा, मग बघू.

मेडिकल झाली त्या संध्याकाळी मी दारातच उभी होते. कठडा वाजला नाही आणि पप्पा समोर आले.

"फिट," ते म्हणाले.

पण मी ऐकत असते हे त्यांना आता माहीत होतं. मुद्दाम धरला नसेल तर?

"परत खाली जाऊन या."

"काय?"

"एकदाच. हात वर करून."

"अगं, तुझ्या पोरीला सांग काहीतरी."

"जा ना," मम्मी आतून म्हणाली. "मला पण बघायचंय."

पप्पा पुटपुटत खाली गेले. मी कठड्यावर हात ठेवून वाकून बघत राहिले. ते दोन्ही हात डोक्यावर ठेवून वर येत होते, पोलिसांनी पकडल्यासारखे. खालच्या काकांनी दार उघडून बघितलं आणि परत लावून घेतलं. माझ्या हाताखाली कठडा एवढासुद्धा हलला नाही.

"झालं समाधान?"

"पिशवी द्या इकडे."

त्यांनी मुकाट्याने दिली. बाजूचा कप्पा रिकामा होता. मग डबा उघडून मी वास घेतला, आणि या वेळी मात्र भजी होती.