सुटत राहिलेली लेस

भुताखेतांचे अनुभव मी इथे फक्त करमणुकीसाठी वाचते, हे आधीच सांगते. शाळेत विज्ञान शिकवते, लिंबू-मिरची बांधणाऱ्यांशी भांडते. तरीही लिहितेय, कारण हे माझ्याच बाळंतपणात घडलं.

माहेर कुंडल, सासर फलटण. नवरा फौजेत, तेव्हा लडाखला वरच्या पोस्टवर – तिथे फोन लागायचा नाही. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. तारखेच्या बरंच आधी, एका मंगळवारी सकाळी कळा सुरू झाल्या आणि भावाने गाडीत घालून सांगलीच्या हॉस्पिटलात नेलं.

आमच्या आईचं एक खूळ आहे. घरातली बाई बाळंत होत असली की दिसेल ती गाठ सोडायची. कॉरिडॉरमध्ये बसून तिने स्वतःचा अंबाडा सोडला, डब्याचं फडकं सोडलं, शेजारच्या बाईची पिशवीसुद्धा विचारून सोडली. घरी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन करून गोठ्यातल्या म्हशी सोडायला लावल्या... त्या शेजाऱ्यांच्या उसात शिरल्या, त्यावरून आम्ही अजून बोलणी खातो. "गाठ ऱ्हायली की वाट अडती," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत लेबर रूममध्ये घरच्या कुणालाच सोडत नव्हते. ओरडलं की सिस्टर दरडावायच्या, उठून बसू लागले की खांदा दाबून आडवं करायच्या. एकीने मांडीवर चापट मारली. ती मी विसरलेले नाही. दुपारी बाळाची हालचाल एकदम मंदावली. तसं सांगितलं, तर एक सिस्टर म्हणाली, पहिलटकरणी सगळ्या असंच म्हणतात.

मी त्या सिस्टरचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. "ताई, ठोके बघा. बरोबर असतील तर परत तोंड उघडणार नाही."

तिने वैतागून मशीन लावलं आणि तिचा चेहरा उतरला. ठोके फार कमी झाले होते. मग सगळ्यांची धावपळ. डॉक्टर म्हणाल्या, जोर लावा – होता नव्हता तेवढा लावला. बाहेर चहाची किटली फिरत होती तेव्हा माझी मुलगी झाली. जरा उशिराने, पण रडली.

डॉक्टरांनी नाळ दाखवली. नाळेला खरोखरची गाठ पडली होती, पण पूर्ण आवळली नव्हती. असं होऊ शकतं, हे विज्ञानात बसतं.

पुढचं बसत नाही. काही दिवसांनी नवऱ्याचा फोन आला. त्याला मुलगी झाल्याचं माहीतच नव्हतं. मी सांगायच्या आधी तोच हसत सुरू झाला, "मंगळवारी लय इज्जत गेली बघ. दुपारपासनं बुटाची लेस बांधली की सुटायची. साहेब म्हणाले, एवढी वर्षं फौजेत, लेस बांधता येत नाही? चहाच्या वक्ताला कुठं एकदाची गाठ बसली."

फलटणला ही गाठींची रीत नाही. त्याने ती कधी ऐकलीही नव्हती.

आईने हाताला लागेल ते सगळं सोडलं, मी ते मनगट सोडलं नाही. आम्हा दोघींचाही मला अभिमान आहे, तो उघड सांगायला आता लाजत नाही. लेसचं उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही... मुलगी आता शाळेत जाते. तिच्या बुटाची लेस रोज मीच बांधते आणि विज्ञानाची बाई असूनही गाठ जरा सैलच ठेवते.