शेवटचा भोंगा आणि माझं भाषण

आता ही फजिती सांगावी की गिळून टाकावी? पण तुम्ही चहा ओतलाच आहे, तर ऐका.

कानपूरला साखरेचं शिक्षण घेऊन मी परत आलो. तिकडची चांगली नोकरी नाकारून! आपल्या भागासाठी झिजायचं होतं ना! इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. प्रोबेशनवर. म्हणजे एक हंगाम काम बघणार, मग कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. वडूजला वडिलांनी मात्र पहिल्याच दिवशी गावभर पेढे वाटलेले. आता रिकामा परत गेलो तर?

आमचे मुख्य केमिस्ट निकमसाहेब हंगामभर माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. आकडे बघायचे, मान हलवायचे, चालू लागायचे. चांगलं की वाईट, देव जाणे!

उन्हाळ्यात शेवटची मोळी गव्हाणीत पडली, भोंगा लांबलचक वाजला आणि माणसं वळकट्या बांधायला लागली. रसाचे नमुने आणणारा दादूही ट्रंकेला दोरी आवळत होता.

"काय रे दादू, निघालास?"

"व्हय सायेब. हंगाम सरला, काम सरलं. आता दसऱ्यानंतर गाठ."

"मग माझं काय?"

"कुनी ऱ्हावा म्हनलं का तुमास्नी?"

"नाही."

"मग चला की! ट्रकात लय जागा हाय."

म्हणजे मलाही घरी पाठवलं! पण ध्येयवादी माणूस रडतो थोडाच? स्टोव्ह आणि गादी दादूला देऊन टाकली. त्यागच तो! आणि जाता जाता सत्य सांगून जावं म्हणून हंगाम संपल्याच्या पूजेला जमलेल्या सगळ्यांसमोर भाषण ठोकलं.

"साहेबलोक रसाच्या टाकीच्या काठावर नाकाला रुमाल लावून उभे राहतात! आत उतरा, हातात ब्रश घ्या, मग कळेल श्रम म्हणजे काय!"

बोट कुणाकडे? थेट निकमसाहेबांकडे! टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात दादूच्या. मी वळकटी उचलायला वळलो, तर साहेब समोर.

"निघालात कुठं?"

"प्रोबेशन संपलं. आपण काही बोललाच नाहीत."

"आवं, चुकला असता तर बोललो असतो! हंगामी माणसं चाललीत. तुम्ही कुठं हंगामी? गेल्या महिन्यातच कायम केलंय तुम्हाला. मला वाटलं, कळलं असेल."

काय सांगू, असा जीव भांड्यात पडला! वडिलांचे पेढे वाचले! तेवढ्यात मागं ट्रक सुटला, माझ्या गादीसकट.

"उद्यापासून रसाच्या टाक्या धुवायच्यात," साहेब म्हणाले. "आत उतरणारा माणूस शोधतच होतो."

रात्र पोत्यावर काढली आणि सकाळी ब्रश घेऊन ताठ मानेनं टाकीत उतरलो. तळाशी आंबलेला रस. वास? विचारूच नका! इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणी नाही. हळूच खिशातला रुमाल काढून नाकाला बांधला.

"अहो!"

वर पाहतो तर काठावर निकमसाहेब, नाक उघडं टाकून उभे. त्यांनी खिशातून एक भलामोठा रुमाल काढला आणि अलगद खाली सोडला.

"हा घ्या माझा. तुमचा लहान पडतोय."